फ्लिसबेर्गे कुठे आहे? सासऱ्यांच्या पणजीच्या शोधाच्या नोंदी

६ जानेवारी २०२४

माझे सासरे ओस्लोत राहतात आणि त्यांचे वय ८३ आहे. काल त्यांनी माझ्या मुलीच्या हातात एक जुना फोटो ठेवला. लाकडी घराच्या दारात एक प्रौढ बाई बसलेली आहे, तिच्यामागे एक तरुण मुलगी उभी आहे, आणि फोटोच्या पाठीवर पेन्सिलने ‘फ्लिसबेर्गे, १९०३’ एवढेच लिहिले आहे. उभी असलेली मुलगी सासऱ्यांची आजी आणि बसलेली बाई त्यांची पणजी, इतके त्यांना नक्की ठाऊक आहे. पणजी कोठून आली, तिचे माहेर कोणते, फ्लिसबेर्गे हे गाव कुठे आहे, यांपैकी कशाचेही उत्तर घरात कोणाकडे नाही. पणजीचा नवरा लवकर वारला, अशी एक ऐकीव गोष्ट मात्र आहे.

नॉर्वेत स्थायिक झालेल्या आणि मुलांच्या दुसऱ्या बाजूच्या घराण्याची माहिती काढू पाहणाऱ्या मराठी कुटुंबांना उपयोग व्हावा, म्हणून हे काम करताना तारीखवार नोंदी ठेवते आहे. घरच्यांची नावे लिहू नयेत असे सासऱ्यांनी सांगितल्यामुळे पणजीला येथे पणजीच म्हटले आहे. तिचे पाळण्यातले नाव त्या काळच्या नॉर्वेत इतके सर्रास होते की नुसत्या नावावरून तिला शोधणे अशक्यच होते.

७ जानेवारी

आज पैसे वाया गेले. वंशावळीच्या एका परदेशी संकेतस्थळाची सहा महिन्यांची वर्गणी, १,४९० क्रोनर, मी घाईने भरली आणि संध्याकाळी लक्षात आले की नॉर्वेच्या जनगणना आणि चर्चच्या नोंदवह्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘डिगिटालआर्किव्हे’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. आधी ते उघडावे, मग लागलेच तर पाकिटाला हात घालावा.

कामाला येणाऱ्या जनगणना भिंतीवर लिहून चिकटवल्या आहेत. प्रत्येक माणसाचे नाव असलेली पहिली संपूर्ण गणना १८०१ची, त्यानंतर थेट १८६५ची. मधल्या गणनांत मुख्यतः आकडेच आहेत. पुढे १८७५, केवळ शहरांची १८८५, मग १८९१, १९००, १९१० आणि १९२०. गणना १०० वर्षे गोपनीय राहते, म्हणून १९२०ची डिसेंबर २०२०मध्ये खुली झाली आणि १९३०ची पाहण्यासाठी अजून थांबावे लागेल.

२७ जानेवारी

तीन आठवडे चुकीच्या जागी गेले. ‘बेर्गे’ म्हणजे खडक किंवा खडकाळ टेकडी, आणि स्वीडनच्या सीमेकडे ओस्नेस भागात फ्लिसा नावाचे गाव खरोखरच आहे. या दोन गोष्टी जोडून फ्लिसबेर्गे ही तिथलीच एखादी शेतवाडी असणार, असे मी गृहीत धरले. ओस्नेसची १९००ची गणना वाडीमागून वाडी वाचली, १८७५चीही निम्मी वाचली, आणि तिथल्या शेतवाड्यांचा इतिहास सांगणारे ग्रंथ वाचनालयातून मागवले.

एक चूक तर भाषेचीच होती. या नावाच्या अखेरीस ‘त’ लिहितात, पण उच्चारत नाहीत. सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेले नाव मी ऐकले तसेच शोधात घातले होते, त्यामुळे पहिल्या दिवशी काहीच मिळाले नाही आणि ‘जागा फार लहान असावी’ असा खोटा निष्कर्ष मी काढला. नाव ऐकून लिहू नये, फोटोवरची अक्षरे एकेक करून उतरवावीत.

४ फेब्रुवारी

आज सापडले. माणसाचे नाव सोडून दिले आणि १९००च्या गणनेत केवळ राहण्याच्या ठिकाणाच्या रकान्यात ते नाव पूर्ण देशासाठी शोधले. उत्तर आले ते क्रिस्तियानियाचे, म्हणजे आजच्या ओस्लोचे. फ्लिसबेर्गे हे गावही नव्हते आणि शेतवाडीही नव्हती. तो शहराच्या पूर्वेकडील एनरहाउगेन टेकडीवरचा एक रस्ता होता, आणि सासऱ्यांच्या आजच्या घरापासून तिथे ट्रामने जाता येते.

आजच्या नकाशात तो मला का मिळाला नव्हता, तेही उलगडले. एनरहाउगेनवर कामकरी लोकांची छोटी लाकडी घरे दाटीने उभी होती आणि फ्लिसबेर्गे, स्तुपिन्नगाता, योहान्नेस गाते असे अरुंद रस्ते त्यांच्यामधून जात होते. १९६०च्या सुमारास ही वस्ती पाडून तिथे चार उंच इमारती बांधण्यात आल्या. जुन्या घरांपैकी पाच घरे उतरवून ओस्लोतल्याच बिगदोय येथील नॉर्वेजियन लोकसंग्रहालयात पुन्हा उभारली आहेत.

शहराच्या नावाचाही घोळ ध्यानात ठेवावा लागतो. १६२४च्या आगीनंतर राजा चौथा क्रिस्तियान याने वसवलेल्या या नगराला त्याचे नाव मिळाले, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे स्पेलिंग बदलत गेले आणि १ जानेवारी १९२५पासून शहर पुन्हा ओस्लो झाले. एनरहाउगेन तर १८५९च्या हद्दवाढीत शहरात आले. त्याआधी ते आकेर या शेजारच्या ग्रामीण विभागात मोडत होते. हा आकेर विभागही १९४८मध्ये ओस्लोत विलीन झाला, आणि एकाच शहरात एकाच नावाचे दोन-दोन रस्ते होऊ लागल्याने अनेकांची नावे बदलली. म्हणून रस्त्याचे नाव लिहिताना शेजारी वर्ष लिहिणे मी आजपासून सक्तीचे केले आहे. वर्षाशिवाय पत्ता लिहिलेली आधीची सगळी टिपणे फाडून नव्याने लिहिली. त्यात रविवार गेला.

११ फेब्रुवारी

१९००च्या गणनेत फ्लिसबेर्गेवर पणजीच्याच नावाची आणि तिच्या वयाची एक विधवा मिळाली. मुलगीही आहे, आणि मुलीचे नाव सासऱ्यांच्या आजीचेच आहे. नवरा लवकर वारल्याची घरातली गोष्टही जुळते.

९ मार्च

मधल्या महिन्यात या विधवेचा माग मागे मागे नेत ११ पाने लिहून काढली. जुन्या ‘गॉथिक’ वळणाच्या हस्ताक्षरासाठी सहा संध्याकाळींचा एक वर्गही केला, त्याचे १,४०० क्रोनर गेले, पण हा खर्च सत्कारणी लागला. या लिपीत ‘ए’ (e) आणि ‘न’ (n) जवळजवळ सारखेच दिसतात आणि ‘उ’वर एक लहानशी चंद्रकोर काढलेली असते, ती दिसली की निम्मे शब्द उलगडतात. स्वतःची वर्णमाला तयार करण्याची युक्ती वर्गात कळली: ज्या पानावरची नावे आधीच ठाऊक आहेत असे त्याच लेखनिकाचे पान घ्यायचे आणि त्यातले एकेक अक्षर कापून तक्ता करायचा.

नावांची पद्धत मला मात्र लवकर समजली, कारण ती आपल्याला परकी नाही. ओलेचा मुलगा ओल्सेन, ओलेची मुलगी ओल्सदत्तर. म्हणजे आपण मधले नाव म्हणून वडिलांचे नाव लावतो तसेच. त्यापुढे शेतवाडीचे नाव येते, ते आपल्या ‘कर’ लागणाऱ्या आडनावांसारखे. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की चिपळूण सोडले तरी चिपळूणकर चिपळूणकरच राहतो, पण नॉर्वेतला माणूस वाडी बदलली की नावाचा तो भागही बदलत असे. ग्रामीण भागात लग्नानंतरही बाई आपल्या वडिलांचेच नाव लावत असे. शहरात मात्र ती हळूहळू नवऱ्याचे ‘सेन’ लावू लागली. प्रत्येक कुटुंबाला कायम आडनाव असावे, हा कायदा १९२३चा. म्हणून १८७५मध्ये ‘दत्तर’ असलेली बाई १९००मध्ये ‘सेन’ म्हणून शोधावी लागते, आणि दोन्ही वेळा ती एकच असल्याचा पुरावा नावाबाहेरून आणावा लागतो.

७ एप्रिल

११ पाने रद्द. ती विधवा आमची नव्हती.

१९००च्या गणनेत मोठ्या माणसांचे केवळ जन्मवर्ष आहे, पण १९१०च्या गणनेत पूर्ण जन्मतारीख आहे. आज १९१०ची नोंद उघडली तर विधवेची मुलगी तेव्हाही अविवाहित, आईजवळच राहणारी, आणि जन्म नोव्हेंबरमधला. सासऱ्यांच्या आजीचा वाढदिवस मार्चमध्ये असे आणि १९१०मध्ये तिच्या कडेवर दोन वर्षांचा मुलगा होता, तो म्हणजे सासऱ्यांचे वडील. ही गोष्ट जेवणाच्या टेबलावर पहिल्याच दिवशी विचारता आली असती. १९१०ची नोंद पाहण्याआधी १९००मध्ये कोणालाही आपले मानू नये, हा धडा मला दोन महिन्यांच्या कामाची किंमत मोजून मिळाला.

मग त्याच रस्त्यावरची सर्व बिऱ्हाडे क्रमाने वाचली. दोन घरे सोडून त्याच नावाची दुसरी बाई होती आणि मुलीचेही नाव तेच होते. पहिल्या वेळी मी तिला का वगळले, ते माझ्याच टिपणात आहे: ‘नवरा जिवंत, म्हणून नाही.’ नवऱ्याच्या नावापुढे ‘फ’ हे अक्षर आहे. गणनेच्या दिवशी जो घरी नाही, अनुपस्थित आहे, त्याची ही खूण. कायम रहिवाशाला ‘ब’ आणि तात्पुरत्या मुक्कामाला आलेल्याला ‘म त’. अनुपस्थिताचा मुक्काम कुठे असावा त्याचाही रकाना असतो, आणि तिथे ‘समुद्रावर’ असे लिहिले आहे. आमचे पणजोबा खलाशी होते. ते लवकर वारले नव्हते. ते घरी नसत, आणि चार पिढ्यांत त्या गैरहजेरीचे मरण झाले.

सासऱ्यांना फोनवर सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जहाजाचे नाव विचारले. ते गणनेत नसते.

२० एप्रिल

आता मागे जायचे. १८९१च्या गणनेने फार वेळ खाल्ला. त्या वर्षी प्रत्येक माणसासाठी स्वतंत्र कागद भरला होता, त्यामुळे एका घरातली माणसे एका पानावर दिसत नाहीत, आणि मला हव्या त्या भागात नावावरून शोधण्याची सोय मिळाली नाही. पद्धत अशी ठरवली: आधी एनरहाउगेन कोणत्या गणना-विभागात येते ते काढायचे, मग त्या विभागाच्या घरयाद्यांत रस्ता शोधायचा, आणि मग त्या घराचे कागद एकेक करून उलटायचे. चार संध्याकाळी गेल्या आणि हाती काही आले नाही. त्या वर्षी ते कुटुंब फ्लिसबेर्गेवर नव्हतेच.

१८८५ने हात दिला. ही गणना केवळ शहरांची असल्याने पुष्कळ लोक तिच्याकडे वळत नाहीत, पण शहरात स्थिरावलेल्या कामकरी घरांसाठी ती फार मोलाची आहे. पणजी, पणजोबा आणि एक वर्षाची मुलगी असे तिघे शहराच्या वातेरलान या भागात, दुसऱ्या एका बिऱ्हाडात पोटभाडेकरू म्हणून मिळाले. मुलीचे जन्मवर्ष जुळले, आणि ग्रोनलान चर्चच्या १८८४च्या बाप्तिस्म्याच्या वहीत मार्चमधली तीच तारीखही मिळाली.

मात्र बाप्तिस्म्याच्या वहीतला पत्ता वेगळा आहे आणि गणनेतला वेगळा. सुरुवातीला मला ही दोन कुटुंबे वाटली. उत्तर घर बदलण्याच्या दिवसांत होते. भाड्याच्या घरातून हलण्याचे दिवस १४ एप्रिल आणि १४ ऑक्टोबर असे ठरलेले असत, आणि गरीब बिऱ्हाडे या दिवशी वर्षातून दोनदासुद्धा जागा बदलत. वसंतातला बाप्तिस्मा आणि ३१ डिसेंबरची गणना यांत पत्ता सारखा निघाला तरच विशेष. आता प्रत्येक पत्ता या दोन तारखांच्या मधल्या खणात लिहिते, आणि वह्यांतले विरोध बरेचसे आपोआप मिटले.

१२ मे

१८७५मध्ये पणजी १८ वर्षांची, शहरातल्या एका घरात मोलकरीण आणि नावापुढे ‘दत्तर’. जन्मस्थान ‘तोतेन’. १९००च्या गणनेतही तेच, पण तोतेन नावाचे दोन परगणे आहेत, ओस्त्रे म्हणजे पूर्व आणि वेस्त्रे म्हणजे पश्चिम, आणि लेखनिकाने कोणता ते लिहिलेले नाही. दोन्हींच्या वह्या पाहाव्या लागल्या.

इथे वयाच्या हिशेबाने चकवले. १८६५च्या गणनेत ओस्त्रे तोतेनमध्ये तिच्या नावाची मुलगी होती, वय ९. गणना ३१ डिसेंबर १८६५ची, म्हणून वजाबाकी करून १८५६ हे जन्मवर्ष मी काढले आणि त्या वर्षीची बाप्तिस्म्याची वही दोनदा वाचली. पण त्या गणनेत चालू असलेले वर्ष धरून वय लिहिले आहे. नववे लागले की नऊ. म्हणजे पूर्ण झालेली वर्षे ८, आणि जन्म १८५७चा. ती वही उघडल्यावर अर्ध्या तासात नोंद मिळाली. माझ्या आजीचे वयही गावात असेच ‘इतकवे चालू’ असे सांगत, तरी हे मला सुचले नाही याची खंत वाटते.

१ जून

बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडिलांच्या नावापुढे वाडीचे नाव आहे आणि त्याला ‘एये’ हा शेवट जोडलेला आहे. मी ते संपूर्ण नाव वाडी म्हणून वाड्यांच्या नावांच्या जुन्या कोशात शोधत बसले आणि ते मिळाले नाही. वाचनालयातल्या एका ज्येष्ठ बाईंनी सांगितले की ‘एये’ हा मुख्य शेतवाडीच्या मालकीच्या जागेचा शेवट आहे. पणजीचे वडील मालक नव्हते. शेतमालकाच्या जमिनीवर एक झोपडी आणि थोडा तुकडा घेऊन, त्याच्या बदल्यात मालकाच्या शेतात राबणाऱ्या ‘हुसमान’ वर्गातले ते होते. १८६५च्या गणनेत जनावरे आणि पेरणीचेही रकाने आहेत: त्यांच्याकडे एक गाय, दोन मेंढ्या आणि थोडे बटाटे. मुलगी १८व्या वर्षी राजधानीत भांडी घासायला का गेली, याचे कारण त्या एका ओळीत आहे. ती ओळ मी सासऱ्यांसाठी मोठ्या अक्षरात उतरवून दिली.

तोतेनला प्रत्यक्ष जाऊन आलो. बस आणि जेवण धरून दोघांचे ९६० क्रोनर. झोपडीची जागा मिळाली नाही, तिथे आता धान्याचे सलग शेत आहे. मुख्य वाडी मात्र त्याच नावाने उभी आहे. गावाकडे वाडीचे नाव टिकते आणि माणसाचे बदलते, शहरात माणसाचे आडनाव टिकते आणि रस्ताच नाहीसा होतो. दोन ठिकाणच्या शोधात वेगवेगळ्या गोष्टीला धरून चालावे लागते, हे कळायला मला पाच महिने लागले.

२२ जून

सासऱ्यांना घेऊन आधी एनरहाउगेनला आणि मग बिगदोयच्या संग्रहालयात गेलो. टेकडीवर इमारतींच्या मधल्या हिरवळीवर उभे राहून जुना नकाशा आणि आजचा नकाशा एकमेकांवर धरून पाहिले. उतार जुळतो, रस्ते जुळत नाहीत. फोटोतले घर कुठे होते, ते २०-३० मीटरच्या अंदाजापलीकडे सांगता येत नाही, आणि त्याहून नेमके मी कुठेही लिहिलेले नाही.

संग्रहालयातल्या पाच घरांत आमचे घर नाही. तरी दारांची उंची, खिडक्यांची मापे आणि भिंतींच्या फळ्या फोटोशी ताडून पाहिल्या. सासऱ्यांनी फोटो हातात धरून एका पायरीवर बसून पाहिले आणि पणजी बसली आहे ती पायरीही एवढीच बुटकी असणार, असे सांगितले; तिचे गुडघे फोटोत तितकेच वर आलेले आहेत.

३० जून

फोटोच्या पाठीवर सासऱ्यांनी पेन्सिलनेच, मूळ अक्षरांना धक्का न लावता, खाली लिहिले: ‘एनरहाउगेन, क्रिस्तियानिया. हा रस्ता आता नाही.’ शेजारी दोघींची पूर्ण नावे आणि जन्मतारखा.

आतापर्यंतचा खर्च छपाई आणि प्रती धरून ४,१९० क्रोनर. त्यातले १,४९० टाळता आले असते. वेळ सहा महिने, त्यातले जवळजवळ तीन चुकांचे.

दोन कामे उरली आहेत. १७६७मध्ये स्थापन झालेल्या अग्निविमा संस्थेच्या मूल्यांकन-वह्यांत घरागणिक खोल्या, भिंती आणि शेगड्यांचे वर्णन असते. फ्लिसबेर्गेवरच्या घराची नोंद त्यांत शोधायची आहे. आणि पणजीचा एक धाकटा भाऊ १८७५नंतर कुठल्याच गणनेत नाही. क्रिस्तियानियातून अमेरिकेला गेलेल्यांच्या पोलिसी वह्या १८६७पासूनच्या आहेत. उद्यापासून त्या उघडते, आणि या वेळी जन्मतारीख आधी हातात घेऊन.